बी न फोडता बी बघायचं असेल तर: कमी ऊर्जेचे क्ष-किरण

सागबी

रोपवाटिकांच्या धाग्यावर परवा एक प्रश्न आला होता: सागाचं बी गादीवाफ्यावर टाकलं की इतकं कमी का उगवतं, आणि बी न फोडता त्याच्या पोटात काय आहे ते आधी कळेल का? दोन ओळींत सांगून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी विदर्भात वनवृक्षांच्या बियाणे तपासणीचं काम करते. क्ष-किरणांखाली बिया बघणं हा त्यातला माझा सगळ्यात आवडीचा भाग.

गादीवाफ्यावर जातं ते सागाचं अख्खं फळ. वरून जाड, लवदार, स्पंजासारखी साल आणि आत लाकडासारखी टणक आठळी. आठळीत चार कप्पे आणि मधोमध एक पोकळी. चारही कप्प्यांत बी असलेलं फळ क्वचितच सापडतं. बहुतेकांत एक किंवा दोन बिया असतात, आणि कितीतरी फळं साफ रिकामी निघतात. हातात घेतलं तर भरलेलं कुठलं आणि पोकळ कुठलं, काही कळत नाही. बाकीच्या बियांना चालते ती पाण्यात टाकून पोकळ वर काढायची युक्तीही इथे भरवशाची नाही, कारण सालीतली हवाच फळाला तरंगवते. मग उरतं फोडून बघणं. फोडलं की उत्तर मिळतं, पण ते बी संपलं. त्याच्यातून रोप आलं असतं का, हे आता कधीच कळणार नाही.

इथे बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते म्हणजे दवाखान्यातला एक्स-रे. त्यात सागाच्या फळाची बाह्याकृती येते, आठळी पुसटशी येते, आणि आतलं काहीच येत नाही. लोकांना वाटतं किरण कमी पडले, आणखी जोरदार यंत्र हवं. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. किरण फार जोरदार आहेत. बियाला न जुमानता ते आरपार जातात, आणि जे किरण अडलेच नाहीत ते आतलं काही सांगणार कसं?

आकड्यांत मांडते, कारण मला स्वतःला ही गोष्ट आकड्यांनीच पटली. बियातला गर हिशेबापुरता पाण्यासारखा धरा. २ मिलिमीटर जाडीच्या बीमधून ६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे (हे किरणांच्या ऊर्जेचं माप, पुढे केईव्ही म्हणते) सुमारे ९६ टक्के किरण सरळ पार होतात. ३० केईव्हीचे ९३ टक्के. १० केईव्हीचे मात्र जेमतेम ३४ टक्के. आता त्या बीमध्ये ०.२ मिलिमीटरची एक पोकळी आहे असं समजा, अळीने नुकतं कोरायला सुरुवात केल्यासारखी. ६० केईव्हीला त्या जागी फिल्मवर पडणारा किरणांचा मारा आजूबाजूपेक्षा अर्धा टक्काही जास्त नसतो. तो कुणाच्याच डोळ्याला दिसणार नाही. १० केईव्हीला तोच फरक ११ टक्के होतो आणि पोकळी ठसठशीत उमटते.

एक खुलासा इथेच करते, कारण यात नेहमी गोंधळ होतो. क्ष-किरणांच्या नळीवर २० केव्ही, म्हणजे किलोव्होल्ट, लावले म्हणजे सगळे किरण २० केईव्हीचे निघतात असं नाही. २० ही वरची मर्यादा. बहुतेक किरण त्याच्या बरेच खाली असतात. म्हणून बारीक बियांना १० ते १५ केव्ही, मध्यम बियांना २०च्या आसपास, आणि सागासारख्या आठळीच्या फळाला आम्ही २५ केव्हीच्या आगेमागे जातो.

पण नुसतं व्होल्टेज उतरवून काम होत नाही. किरण नळीतून बाहेर यायला हवेत. साध्या नळीची काच मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण आतच गिळून टाकते. त्यामुळे या कामाच्या नळीला बेरिलियमची खिडकी असते. बेरिलियम हा अगदी हलका धातू, अणुक्रमांक ४, तो या किरणांना जवळजवळ अडवतच नाही. दुसरी गोष्ट फोकल स्पॉट, म्हणजे ॲनोडवरचा ज्या ठिपक्यातून किरण निघतात तो ठिपका. ठिपका मोठा असेल तर कडा धुरकट येतात. किती धुरकट, याचा हिशेब सोपा आहे: ठिपक्याचा आकार गुणिले नमुना-ते-फिल्म अंतर, भागिले ठिपका-ते-नमुना अंतर. ०.३ मिलिमीटरचा ठिपका ६० सेंटिमीटरवर ठेवला आणि बी फिल्मपासून ५ मिलिमीटरवर असेल, तर धूसरपणा अडीच मायक्रॉनच्या घरात येतो. एवढ्यात आमचं काम भागतं. म्हणून बिया फिल्मला चिकटून ठेवायच्या आणि नळी लांब न्यायची. मोठी प्रतिमा हवी असेल तर याच्या उलट करतात: ठिपकाच काही मायक्रॉनचा घेतात, बी नळीजवळ नेतात आणि फिल्म किंवा सेन्सर लांब ठेवतात.

आता प्रत्यक्ष काय दिसतं ते. फिल्मवर जिथे पदार्थ जास्त तिथे पांढरं, जिथे पोकळ तिथे काळं. चांगल्या बीचा गर एकसारखा राखाडी-पांढरा भरलेला असतो, आणि त्याच्या नि बीजावरणाच्या मध्ये केसासारखी बारीक काळी रेघ असते. वाळलेल्या बीमध्ये गर थोडा आकसतो, त्याची ही रेघ. ती जाड आणि वेडीवाकडी झाली की समजायचं, गर सुरकुतलाय. अळी असली तर चंद्रकोरीसारखी वळलेली असते, डोक्याकडे जरा जास्त पांढरी, आणि तिच्यामागे तिने पोखरलेली काळी जागा. त्या जागेत विष्ठेचे दाणे ठिपक्यांसारखे दिसतात. मळणीत किंवा साल काढताना बसलेला मार बारीक तडा होऊन येतो. तो तडा बाहेरून भिंगाखालीही सापडत नाही.

दोन गोष्टी नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी. बिया कोरड्या हव्यात. ओलसर बीमध्ये पाणी सगळ्या फटी भरून टाकतं आणि चित्र सपाट होतं. आणि १५ केव्हीच्या खाली गेलात की फिल्मच्या कागदी पाकिटाचे तंतूसुद्धा चित्रात उमटतात. बी ठेवायला पुठ्ठा वापरलात तर पुठ्ठ्याचा फोटो मिळेल. अगदी पातळ पॉलिथीन ताणून त्यावर बिया मांडायच्या.

आणि या पद्धतीचं जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं: फोटो काढल्यावर बी जिवंत राहतं. सुधारित वाणांसाठी बियांवर जो किरणांचा मारा करतात त्याच्या कितीतरी पट कमी मात्रा इथे लागते. आम्ही फळं चौकटीच्या ताटलीत क्रमाने मांडतो, फोटो काढतो आणि त्याच क्रमाने कुंड्यांत पेरतो. तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या फळाच्या फोटोत दोन बिया होत्या. त्याच्या कुंडीत किती रोपं आली? आली नसतील तर का? फोटो आणि रोप शेजारी ठेवून बघितल्याशिवाय नुसत्या फोटोवरून "उगवेल" असं कुणी सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. भरलेलं बी म्हणजे जिवंत बी नव्हे. मेलेलं, पण भरलेलं बी फोटोत तितकंच देखणं दिसतं.

---

सातपुडा

सागबीताई, उत्तम धागा. आमच्याकडे तालुक्याला दातांचा दवाखाना आहे, डॉक्टर मित्रच आहेत. त्यांच्या यंत्रावर तुरीचे आणि मुगाचे दाणे ठेवून बघितले. सेन्सर छोटा आणि चांगला आहे, पण दाणे सगळे सारखेच फिकट दिसतात. यंत्रावर व्होल्टेज कमी करायची सोय असेल तर जमेल का?

---

सागबी

दादा, तिथे अडसर व्होल्टेजचा कमी आणि ॲल्युमिनियमचा जास्त आहे. दातांचं यंत्र साधारण ६० ते ७० केव्हीवर चालतं आणि त्याच्या तोंडाशी दीड मिलिमीटरच्या आसपास ॲल्युमिनियमचा फिल्टर असतो. तो मुद्दाम बसवलेला आहे. मऊ किरण दातापर्यंत पोचतच नाहीत, ते गालाच्या कातडीत जिरतात, म्हणून रोग्याच्या भल्यासाठी ते आधीच काढून टाकतात. दीड मिलिमीटर ॲल्युमिनियममधून १० केईव्हीचे किरण चाळीस हजारांत एखादाच बाहेर पडतो. २० केईव्हीचे साधारण पाव, ३०चे साठ टक्क्यांहून थोडे जास्त. आपल्याला जे हवेत नेमके तेच अडलेले! तो फिल्टर काढायचा विचारही करू नका. उद्या त्याच खुर्चीत कुणीतरी बसणार आहे.

तुरी-मुगाचं म्हणाल तर भुंगेऱ्यासाठी ही पद्धत फार उपयोगी आहे. दाण्यावर पांढरं अंडं चिकटलेलं दिसतं, पण अळी आत शिरली की पुढे आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही, थेट गोल खिडकी पाडून भुंगेरा बाहेर येईपर्यंत. गहू-तांदळातल्या सोंड्या किड्याचं तर अंडंसुद्धा दाण्याच्या आत असतं. धान्यातली ही लपलेली कीड क्ष-किरणांनी ओळखायची पद्धत अमेरिकेत कॅन्ससमधल्या मंडळींनी १९५० मध्येच मांडली होती.

---

भौतिकीमास्तर

लेख आवडला. थोडी भर घालतो, आणि एका बाबतीत सावध करतो.

कमी ऊर्जेला फरक इतका का वाढतो? या पट्ट्यात किरण अडवण्याचं मुख्य काम प्रकाशविद्युत परिणाम (किरण अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो आणि स्वतः संपतो) करतो, आणि तो ऊर्जेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ऊर्जा दुप्पट केली की अडवणूक साधारण एक-अष्टमांश. पाण्याचा शोषणगुणांक, म्हणजे किरण अडवण्याची ताकद, बघा: १० केईव्हीला ५.३, २०ला ०.८१ (सेंमी²/ग्रॅम). पुढे गेलं की कॉम्प्टन विखुरण्याचं (किरण इलेक्ट्रॉनवर आपटून दिशा बदलतो) राज्य सुरू होतं आणि आलेख सपाट होतो. ६० आणि १०० केईव्हीत मग फारसा फरक उरत नाही. शिवाय प्रकाशविद्युत परिणाम अणुक्रमांकाला फार संवेदनशील आहे. कॅल्शियम, लोह, बेरियम यांचा जरा अंश असला तरी तो उठून दिसतो.

सावधगिरी अशी की "जितकी कमी ऊर्जा तितकं चांगलं" हे अर्धंच खरं. फारच खाली गेलात तर पलीकडे काही पोचणारच नाही आणि चित्रात नुसते ठिपके नाचतील. आत पडणाऱ्या किरणांची संख्या ठरलेली असेल तर सगळ्यात स्वच्छ तपशील मिळतो तो शोषणगुणांक आणि जाडी यांचा गुणाकार २ च्या आसपास असताना, म्हणजे पलीकडे साधारण १३ ते १४ टक्के किरण पोचत असताना. २ मिलिमीटर गरासाठी ही ऊर्जा ८ केईव्हीच्या जवळ येते, १ सेंटिमीटरसाठी १४च्या जवळ. ताईंनी सागासाठी २५ केव्हीचा जो आकडा दिला तो या हिशेबात चपखल बसतो.

आणखी एक शत्रू आहे तो हवा. १० केईव्हीला अर्धा मीटर हवा ओलांडताना सव्वीस-सत्तावीस टक्के किरण जातात, ते चालण्यासारखं आहे. पण ५ केईव्हीला तेवढ्याच अंतरात दहातले नऊ संपतात. फुलाची पाकळी, माशीचा पंख असलं काही बघायचं असेल तर मधल्या नळकांड्यात हेलियम भरतात किंवा निर्वात करतात.

---

सागबी

मास्तर, तुमचा १३-१४ टक्क्यांचा नियम आमच्या टेबलावर लिहून लावते आहे. आम्ही तो हाताच्या अंदाजाने गाठत होतो.

---

दूरदेशी

मी स्वीडनच्या उत्तरेला राहतो, वनीकरणाशी संबंधित कामात आहे. या विषयाचं माहेर इकडेच, म्हणून लिहावंसं वाटलं.

१९५३ मध्ये मिलान सिमाक आणि ओके गुस्ताफसन यांनी पाइनच्या बियांवर क्ष-किरणांचं काम प्रसिद्ध केलं आणि बियांची रेडिओग्राफी रुळली ती तिथून. त्यांना ती का लागली हे समजायला इथला उन्हाळा बघावा लागतो. उत्तरेकडे उन्हाळा इतका आखूड आणि थंड असतो की बी तयार होतं, कवच भरतं, पण आतला भ्रूण अर्धवटच वाढून थांबतो. बाहेरून बी पूर्ण पक्व दिसतं. फोटोत मात्र भ्रूणपोषाच्या मधोमध एक अरुंद काळी पोकळी आणि त्यात पांढरी काडी, तो भ्रूण. पोकळीचा किती भाग त्याने भरलाय त्यावरून वर्ग पाडतात: आत काहीच नसेल तर ०, भ्रूणपोष आहे पण भ्रूण नाही तर १, भ्रूण पोकळीच्या अर्ध्यापेक्षा आखूड तर २, अर्धा ते पाऊण ३, जवळजवळ पूर्ण भरलेली ४. कुठल्या साली बी गोळा करायचं आणि कुठल्या साली झाडाला हातच लावायचा नाही, हे त्या वर्गांवरून ठरवता येतं.

ताईंनी "भरलेलं म्हणजे जिवंत नव्हे" म्हटलंय, त्यावर सिमाकनेच एक तोड काढली होती. बिया काही वेळ बेरियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायच्या, मग धुऊन, वाळवून फोटो. जिवंत पेशींचं पटल बेरियमला आत घेत नाही. मेलेल्या किंवा दुखावलेल्या पेशींत ते शिरतं. बेरियमचा अणुक्रमांक ५६, त्यामुळे मेलेला भाग फोटोत लख्ख पांढरा चमकतो. मात्र बेरियम क्लोराइड विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हाताळू नये.

सागाच्या फळांच्या रेडिओग्राफीवर १९७०च्या दशकात एस. के. कामरा यांचंही काम आहे. तुम्ही वाचलं असेलच.

---

सागबी

वाचलंय, आमची सुरुवातच त्यावरून झाली. बेरियमची पद्धत सागाला आम्हाला अजून नीट बसवता आलेली नाही. द्रावण आठळीच्या सच्छिद्र भिंतीतच इतकं मुरतं की भिंत पांढरीफटक होते आणि आतलं झाकोळतं. पातळ कवचाच्या बियांना मात्र ती छान लागू पडते.

---

हापूसवाडी

ताई, मास्तर, आमच्या पोटापाण्याचा प्रश्न विचारतो. हापूसमधला साका आणि कोयीतला भुंगा या किरणांनी दिसेल का? फळ कापेपर्यंत दोन्ही कळत नाहीत. वरून आंबा कसा सोन्यासारखा असतो, आणि गिऱ्हाइकाने सुरी लावली की आत पांढरा, आंबूस, फुसका गर. माल परत आला की वाईट वाटतं ते पैशापेक्षा नावाचं.

---

भौतिकीमास्तर

दिसतं, आणि हे काम आपल्याच ट्रॉम्बेला झालेलं आहे. १९९०च्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी हापूसमधला साका आणि आंब्याच्या कोयीतला भुंगा, दोन्ही क्ष-किरणांच्या प्रतिमेत ओळखता येतात हे दाखवून दिलं. साक्याच्या जागी गर पिकत नाही, त्यात हवेचे कप्पे राहतात, म्हणून तो भाग वेगळा उठतो. भुंग्याने खाल्लेल्या कोयीत पोकळी दिसते.

पण एक लक्षात घ्या, हे या धाग्यातले मऊ किरण नव्हेत. आंबा सात-आठ सेंटिमीटर जाड आणि रसाने भरलेला. १० केईव्हीचा एकही किरण पलीकडे पोचणार नाही. तिथे ऊर्जा वाढवावीच लागते आणि मग बारीक तपशिलावर पाणी सोडावं लागतं. साका मोठा असतो म्हणून तो तरीही सापडतो. सुरुवातीचा, बोटाच्या पेराएवढा साका निसटू शकतो.

---

सागबी

मास्तरांशी सहमत. भुंग्याचं थोडं सांगते. मादी कोवळ्या फळावर अंडी घालते, अळी गरातून थेट कोयीत जाते आणि तिची वाट फळ वाढताना भरून येते, म्हणून बाहेर छिद्र राहत नाही. रोपांसाठी कोयी वापरणाऱ्यांना मात्र मऊ किरण कामाचे आहेत, कारण नुसती वाळलेली, बाठ्याबाहेर काढलेली कोय पातळ असते. कलमं बांधायला कोयी लावता त्या आधी तपासल्या तर पोखरलेल्या वेगळ्या काढता येतील. निर्यातीच्या आंब्याला ४०० ग्रेची (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचं एकक) विकिरण प्रक्रिया करतात ती वेगळी गोष्ट. ती कीड निकामी करते, कुठल्या फळात आहे ते सांगत नाही.

---

खवले

बियांच्या धाग्यात मासे आणतोय, पण विषय तोच आहे. मी सह्याद्रीतल्या ओढ्यांमधल्या छोट्या माशांवर काम करतो, तीन-चार सेंटिमीटरचे मासे. दोन जाती दिसायला सारख्या असतात तेव्हा मणके मोजावे लागतात, परांमधले काटे मोजावे लागतात. ज्या नमुन्यावरून जातीचं नाव ठेवलं गेलंय तो नमुना संग्रहालयात शंभर-शंभर वर्षं अल्कोहोलमध्ये असतो, त्याला सुरी लावणं म्हणजे गुन्हाच. हाडं रंगवून मांस पारदर्शक करायची पद्धत आहे, पण तिने नमुना कायमचा बदलतो. म्हणून जगभरची संग्रहालयं अशा नमुन्यांचे कमी केव्हीचे फोटो काढून ठेवतात आणि मणके त्यावरून मोजतात.

माझा अनुभव असा की २५ ते ३० केव्हीला मणके सुटे मोजता येतात, शेपटीच्या टोकाचे गुंतलेले काटेसुद्धा. एक काळजी घ्यावी लागते: मासा अल्कोहोलमधून काढून टिपकागदावर नीट निथळू द्यावा लागतो. पोटात द्रव राहिला तर बरगड्यांचा भाग झाकला जातो. आणि फार वेळ बाहेर ठेवला तर पर वाळून मोडतात. नमुना, चिठ्ठी, फोटो असं सगळं आधी मांडून ठेवायचं आणि पटापट उरकायचं.

गोगलगायींच्या शंखातला आतला खांब, त्याचे पीळ, हेही याच पद्धतीने बघतात. सूक्ष्मजीवांच्या कवचांवर तर १९१३ मध्येच फ्रान्समध्ये पिएर गोबी यांनी असे फोटो काढले होते. क्ष-किरण सापडून तेव्हा अठरा वर्षंही झाली नव्हती!

---

कागदवेडा

वाचनखूण साठवली. अवांतर वाटेल, पण जुन्या कागदांचं वेड असल्याने लिहितो.

अगदीच मऊ किरण, ५ ते १० केव्हीचे, कागदातलं जलचिन्ह बघायला वापरतात. आपल्या मोडी कागदांना हे विशेष लागू पडतं, कारण आपली जुनी शाई काजळाची. काजळ म्हणजे कार्बन. कागदाच्या तंतूंपेक्षा ते या किरणांना फार वेगळं अडवत नाही. त्यामुळे फोटोत अख्खं पत्र, फर्राटेदार मोडी अक्षरांसकट, जवळजवळ नाहीसं होतं आणि उरतो नुसता कागद: तंतूंची दाटी, साच्याच्या रेघा, आणि कागद विलायती असेल तर जलचिन्ह. १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदात बऱ्याचदा सालही असतं. कागदावर तारीख एक आणि जलचिन्हातलं साल त्याच्या नंतरचं, असं निघालं तर तो कागद नंतर बनवलाय हे सिद्धच झालं. आपल्या देशी हातकागदात असं चिन्ह नसतं, पण गवताच्या चटईच्या साच्याने उमटलेल्या रेघा असतात आणि त्यांची दाटी मोजता येते.

हिरडा-हिराकसाची शाई असेल तर मात्र अक्षरं दिसतात, कारण तिच्यात लोह असतं.

---

सागबी

कागदवेडा, अवांतर मुळीच नाही. आमच्या फिल्मच्या पाकिटाचे तंतू दिसतात म्हणून मी वैतागते, आणि तुम्हाला नेमके तेच हवे असतात!

---

जुगाडी

मस्त चर्चा. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे. २० केव्हीचा पुरवठा बनवणं माझ्यासाठी अवघड नाही. जुनी नळी मिळवून घरीच एक छोटी पेटी बनवावी म्हणतो. इतके मऊ किरण म्हणजे धोकाही कमीच ना?

---

सागबी

नाही. कृपया करू नका. हे मी पूर्ण गांभीर्याने लिहिते आहे.

मऊ किरण कमी धोक्याचे असतात हा समज घातक आहे. ते खोल जात नाहीत, म्हणजेच सगळी ऊर्जा कातडीत आणि डोळ्यांत सोडतात. १० केईव्हीचे अर्धे किरण कातडीच्या पहिल्या १.३ मिलिमीटरमध्येच जिरतात. बेरिलियमच्या खिडकीशी किरणांचा झोत प्रचंड तीव्र असतो. तिथे बोट क्षणभर गेलं तरी गंभीर भाजू शकतं, आणि ही जखम लगेच दिसत नाही. दिवसांनी लाली, मग फोड, मग महिनोन् महिने न भरणारा व्रण. त्या क्षणी काही दुखत नाही, म्हणून माणूस हात काढतही नाही.

आणि कायदा आहे. आपल्याकडे क्ष-किरणांचं कुठलंही यंत्र बनवायला, घ्यायला, चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. आम्ही वापरतो ती कपाटासारखी बंद यंत्रं (फॅक्सिट्रॉन हे त्यातलं जगभर चाललेलं नाव) अशी असतात की दार नीट लागल्याशिवाय नळी चालूच होत नाही आणि दार उघडलं की तत्क्षणी बंद पडते. भिंतींत पुरेसं आवरण असतं. तरीही आम्ही अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला लावून काम करतो.

तुमच्या हाताला काम हवं असेल तर सेन्सरच्या बाजूला या. प्रतिमेतून बी आपोआप मोजणं, रिकामी-भरलेली वेगळी करणं यासाठी चांगली प्रणाली आम्हालाही हवी आहे. निनावी प्रतिमा मी देऊ शकेन.

---

जुगाडी

समजलं ताई, बेत रद्द. प्रतिमा नक्की पाठवा. सुरुवात भरलेले कप्पे मोजण्यापासून करतो.

---

सातपुडा

मग ज्यांच्याजवळ असं कपाट नाही त्यांनी काय करावं? मॅमोग्राफीचं यंत्र चालेल का? ते मऊ किरणांचंच असतं असं ऐकलंय.

---

भौतिकीमास्तर

बरोबर ऐकलंय. स्तनाच्या ऊतींतला फरक असाच नाजूक असतो, म्हणून तिथे २५ ते ३० केव्ही वापरतात आणि जुन्या पिढीच्या यंत्रांत मॉलिब्डेनमचा ॲनोड असतो. त्याच्या खास रेषा १७.५ आणि १९.६ केईव्हीला येतात. खिडकी बेरिलियमची, आणि मोठी प्रतिमा काढायचा बारीक फोकल स्पॉट ०.१ मिलिमीटरचा. सागाची फळं, कोयी, शेंगा यांना हे फार छान. बाजरीच्या दाण्याएवढ्या बीला जरा जडच पडतं. मात्र यंत्र रोग्यांचं आहे. विभागप्रमुखांची आणि किरणसुरक्षा अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी, रोग्यांची वेळ सोडून, आणि बिया स्वच्छ पिशवीत, हे पाळूनच.

याच्या पलीकडे जायचं असेल तर इंदूरला इंडस-२ आहे, २.५ जीईव्हीचा (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून तीव्र क्ष-किरण मिळवायचं मोठं यंत्र. तिथे प्रतिमांसाठी वेगळी बीमलाइन, म्हणजे किरण प्रयोगापर्यंत आणणारी वाट, आहे. तिथल्या किरणांनी नुसतं शोषणच नव्हे, तर कडांशी किरण किंचित वळतात तेही टिपता येतं. पेशींच्या थरांमधल्या ज्या सीमा शोषणात दिसतच नाहीत त्या त्यात रेखल्यासारख्या येतात. संशोधनाचा प्रस्ताव पाठवून वेळ मागावी लागते.

---

रोपवाटिका

मूळ प्रश्न माझाच होता. ताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. आमच्याकडे तीन ठिकाणचं सागाचं बी आलंय. तपासायला द्यायचं तर किती आणि कसं द्यावं?

---

सागबी

प्रत्येक ठिकाणचं वेगळं ठेवा, एकत्र मिसळू नका. नमुना पोत्याच्या वरून घेऊ नका. तळ, मध्य, वर अशा सगळीकडून मुठी घेऊन एकत्र करा आणि त्यातून ४०० फळं काढा. आम्ही शंभराचे चार गट करतो. मोठी-मोठी निवडून देऊ नका, जशी हाताला येतील तशीच द्या, नाहीतर आकडा फसवा येईल.

साल काढायची असेल तर काढून द्या, चित्र अधिक स्वच्छ येतं. पण भिजवण-वाळवण सुरू केलेली फळं पाठवू नका. सावलीत पूर्ण वाळवून कापडी पिशवीत भरा, प्लास्टिकमध्ये ओल धरते. पिशवीत आणि पिशवीवर अशा दोन्हीकडे चिठ्ठी हवी: कुठलं जंगल, झाडाखालून वेचलंय की झाडावरून उतरवलंय, आणि कुठल्या महिन्यात. फोटो झाल्यावर फळं क्रमाने परत देईन. ती त्याच क्रमाने पेरा आणि उगवण मोजून मला कळवा. तिन्ही ठिकाणांचे फोटो आणि तुमच्या वाफ्यातले आकडे इथेच टाकू.

---

रोपवाटिका

सोमवारी पिशव्या भरतो. एका ठिकाणचं बी झाडाखालून वेचलेलं आहे, बाकी दोन उतरवलेली. चिठ्ठीवर तसं लिहितो.